जुना अँप्लिफायर, छोटे स्पीकर आणि मधले टेबल

खोक्यावर छापलेला हजारो वॅट 'पीएमपीओ'चा, म्हणजे तथाकथित कमाल शक्तीचा, आकडा पाहून आवाजाची प्रत ठरवण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. हा आकडा कोणत्याही सर्वमान्य मोजणीतून येत नाही. तो निव्वळ जाहिरातीचा आहे. १९७८ साली आलेल्या एनएडी ३०२० या स्वस्त अँप्लिफायरची क्षमता दर चॅनेलला अवघी २० वॅट होती, आणि लिहिण्याच्या टेबलावर, कानापासून ८० सेंटिमीटरवर ठेवलेल्या दोन छोट्या स्पीकरांना त्यातला एखादा वॅटही बहुतेक वेळा पुरतो. मोकळ्या जागेत अंतर चौपट झाले की तेवढ्याच आवाजासाठी सोळापट शक्ती लागते. खोलीतल्या परावर्तनांमुळे प्रत्यक्षात हा फरक थोडा कमी पडतो, परंतु जवळ बसण्याचा खरा लाभ हा आहे: भिंतींवरून येणाऱ्या ध्वनीपेक्षा थेट येणारा ध्वनी वरचढ ठरतो. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर घडवला तो स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीसारख्या अडचणीच्या जागेसाठीच.

जुनी उपकरणे घेताना सावध राहावे. वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून पाहावा. माझ्या पहिल्या जोडीचा फोम बोटाला लागून शेवेसारखा गळून पडला होता. जपानमधून आलेला अँप्लिफायर १०० व्होल्टचा असू शकतो, त्यामुळे मागची पट्टी वाचल्याशिवाय तो २३० व्होल्टला लावू नये. पहिल्यांदा तो सिरीज बल्बमधूनच, म्हणजे विजेच्या वाटेत ओळीने जोडलेल्या दिव्यातूनच, चालू करावा, आणि स्पीकर जोडण्यापूर्वी अँप्लिफायरच्या स्पीकर-टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असले तर चिंता नाही. एकाच दिशेने जोडायच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या 'दिशादर्शक' वायरींवर एक रुपयाही घालवू नये. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या दोन मीटर जोडवायरीचा रोध, जाऊन-येऊन, ०.०५ ओहमही भरत नाही, आणि स्पीकर असतो आठ ओहमचा.

खरी अडचण टेबलाची आहे. खोलीला दूर सारताना आपण स्वतःच एक कठीण परावर्तक मध्ये आणून ठेवतो. समजा, विटेवर ठेवलेल्या स्पीकरच्या वूफरचा मध्य टेबलापासून २५ सेंटिमीटर उंच आहे, कान ४५ सेंटिमीटर उंच आहे आणि दोहोंतले आडवे अंतर ८० सेंटिमीटर आहे. पायथागोरसच्या प्रमेयाने थेट मार्ग सुमारे ८२ सेंटिमीटर येतो, तर टेबलावर आपटून येणारा मार्ग सुमारे १०६. म्हणजे फरक २४ सेंटिमीटर. ज्या ध्वनीची तरंगलांबी या फरकाच्या दुप्पट, म्हणजे ४८ सेंटिमीटर असते, त्याचे संपीडन थेट मार्गाने कानाशी पोचते त्याच क्षणी टेबलावरून त्याचे विरलन पोचते, आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ही वारंवारता ७२० हर्ट्झच्या आसपास येते. परावर्तित ध्वनी जास्त अंतर कापून थोडा क्षीण झालेला असल्यामुळे बेरीज अगदी शून्य होत नाही, परंतु कागदावरच्या हिशेबाने दाब चौथाईच्याही खाली येतो. १४४० हर्ट्झला उलट दोघांची भर पडते, आणि २१६० ला पुन्हा खड्डा पडतो.

आता 'आ' हा स्वर घ्या. त्याला 'आ'पण देणारा मुखविवराचा पहिला अनुनाद साधारण ७०० ते ८०० हर्ट्झच्या घरात असतो. म्हणजे खड्डा नेमका ख्यालातल्या आकारावर, 'आ' लावून गायलेल्या स्वरांवर, पडतो, आणि आलापीत भरदार असलेला गळा पोकळ वाटू लागतो. दोष जुन्या अँप्लिफायरवर ढकलला जातो, खरे कारण मात्र खालच्या सनमायक्यात असते. टेबलावर रुमाल अंथरून भागत नाही, कारण पातळ कापड या वारंवारतेचा ध्वनी जवळजवळ शोषतच नाही.

उपाय फुकटचा आहे. नेहमीच्या जागी बसून टेबलावर एक आरसा आडवा सरकवत न्यावा. त्यात वूफरचा मध्य जिथे दिसेल तो परावर्तनबिंदू, जो वरच्या मापांत स्पीकरपासून सुमारे २९ सेंटिमीटरवर येतो. स्पीकर पुढे ओढावेत आणि खुर्ची तेवढीच मागे घ्यावी, म्हणजे तो बिंदू टेबलाच्या कडेबाहेर जातो. एवढ्या लांब तरंगांना आरशाचा काटेकोर नियम लागू पडत नाही, म्हणून आणखी आठ-दहा सेंटिमीटर ओढलेले बरे. मग एका दोऱ्याने दोन्ही स्पीकरांचे नाकापासूनचे अंतर सारखे करावे आणि तोच आलाप पुन्हा लावावा.