फ्रेटबोर्डवर तपकिरी पट्टा दिसला तर

नवी गिटार हातात आल्यावर बरेच ग्राहक आम्हाला पहिला फोटो पाठवतात तो फ्रेटबोर्डचा, म्हणजे तारांखालच्या, बोटं दाबायच्या फळीचा. काळ्याभोर लाकडात मध्येच एखादा तपकिरी किंवा राखाडी पट्टा, आणि खाली प्रश्न : माल दुय्यम आहे का? नाही. हे पत्रक खरं तर त्या पट्ट्यासाठीच काढलं आहे.

फ्रेटबोर्डचं हे लाकूड एबनीचं, म्हणजे आबनुसाचं. झाड उभं असताना त्याचा गाभा निखळ काळा आहे की पट्टेदार, हे कुणालाच सांगता येत नाही. ते कळतं झाड आडवं झाल्यावर. वाद्यांसाठीचं बरंच एबनी मध्य आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधून येतं. टेलर गिटार्स या कंपनीने 2011 मध्ये एका स्पॅनिश लाकूड-व्यापारी कंपनीबरोबर तिथली एक गिरणी विकत घेतली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की निखळ काळा गाभा साधारण दहा झाडांतल्या एकातच निघतो. बाकीची नऊ झाडं तोडून जंगलातच सोडून दिली जात, कारण पट्टेदार लाकडाला गिऱ्हाईक नव्हतं. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणजे आमच्यासारखे गिटार बनवणारे ते घेत नव्हते. ही चूक आमच्या धंद्याचीच. आता ती गिरणी पट्टेदार लाकूडही घेते, आणि 2016 पासून तिथे एबनीची लागवडही सुरू आहे. ती रोपं लावणाऱ्यांना त्यांच्यापासून झालेली गिटार बहुधा बघायला मिळणार नाही, इतकं हे झाड सावकाश वाढतं.

आमच्या मिस्त्रींना विचारलंत, तर ते पट्टा असलेला तुकडाच आधी उचलतील. दिसायला जिवंत, आणि फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या तारा, बसवताना काळ्या तुकड्याइतकाच चिवट.

“पण आवाज?” हा प्रश्न पाठ आणि बाजूंच्या लाकडाबद्दल जास्त येतो. स्पॅनिश कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. गिटार बोलते ती वरच्या फळीमुळे, हे त्यांना दाखवायचं होतं. ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच घडणीच्या 6 गिटार होत्या. फरक फक्त पाठ आणि बाजूंच्या लाकडात : ब्राझिलियन रोझवूड, आपलं शिसव, मॅहॉगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. लाकूड दिसणार नाही अशा बेताने 52 वादकांनी त्या वाजवल्या आणि सगळ्यांना जवळपास सारखेच गुण दिले. म्हणून दुर्मिळ लाकडाची पाठ मागितलीत, तर आम्ही आधी हाच प्रयोग सांगतो. मागणी रद्द झाली तरी चालेल.

वरच्या फळीत मात्र हात आखडता घेत नाही. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या दोन रुंद, गाठ नसलेल्या फळ्या हव्या असतील, तर शेकडो वर्षांचं थोराड झाडच लागतं. अशी झाडं कमी तोडावी लागावीत म्हणून काही गिटारींना आम्ही चार अरुंद पट्ट्या जोडून फळी करतो. सांधे नीट शोधलेत तर दिसतील.

आम्ही बनवतो त्या स्पीकरची गोष्ट निराळी. पेटी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, वर जेमतेम 0.6 मिलिमीटरचं खऱ्या लाकडाचं व्हिनिअर, म्हणजे पातळ पापुद्रा. यात फसवणूक नाही. पेटीने स्वतः वाजू नये हेच तिचं काम, आणि भरीव लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं, आकसतं, सांध्यात तडकतं. शिवाय एका ओंडक्यातून पुष्कळ पेट्या मढवून होतात.

कागदपत्रांबद्दल थोडं. ब्राझिलियन रोझवूडवर साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं सर्वांत कडक बंधन 1992 पासून आहे. रोझवूडच्या उरलेल्या सगळ्या जाती, शिसव धरून, 2 जानेवारी 2017 पासून परवान्याच्या यादीत आल्या. तयार वाद्यांना 26 नोव्हेंबर 2019 पासून सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवूडला नाही. जुनी गिटार घेऊन परदेशी निघाला असाल, तर तिचं लाकूड आधी ओळखून घ्या. स्पीकर हे वाद्य नव्हे. त्यासाठी वेगळा नियम आहे : तयार मालात यादीतल्या लाकडाचं वजन एका खेपेत 10 किलोपर्यंत असेल, तर सूट. व्हिनिअर त्याच्या आसपासही जात नाही.

एफएससी या, जंगल जबाबदारीने राखल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या शिक्क्याला आम्ही मान देतो, पण त्यातही प्रकार आहेत. ‘मिक्स’ लिहिलेलं असेल, तर सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलंच असेल असं नाही. म्हणून आमच्या प्रत्येक गिटारसोबत आणि स्पीकरसोबत एक कार्ड येतं : लाकडाचं शास्त्रीय नाव, देश, पुरवठादाराच्या बिलाचा क्रमांक. एखादा रकाना रिकामा असेल, तर ती माहिती आम्हाला मिळालेली नाही असं समजा आणि जरूर विचारा.

आणि पट्टा डोळ्याला खुपतच असेल, तर मागणी नोंदवतानाच सांगा. आम्ही फ्रेटबोर्ड काळा रंगवून देऊ. निखळ काळा तुकडा मात्र शोधून देणार नाही.