‘ॲनिमा’ या नावातलं पहिलं अक्षर

टूल या अमेरिकन रॉक बँडचा ‘ॲनिमा’ हा अल्बम १९९६ साली आला. त्याच्या सुरुवातीच्या सीडीची डबी हातात धरून जरा तिरपी केली की मुखपृष्ठावरचं चित्र हलायचं, कारण झाकणच बारीक उभ्या खाचांच्या प्लास्टिकचं होतं. पण त्याहून अधिक नजर खिळते ती नावाच्या पहिल्या अक्षरावर. रोमन ए आणि ई एकमेकांना चिकटलेले; ए चा उजवा पाय तोच ई चा उभा दांडा. हेवी मेटल बँड अक्षरांच्या डोक्यावर उगाच दोन टिंबं देतात, ती निव्वळ सजावट असते. हे अक्षर तसं नाही. ते काढलं तर नावातला अर्धा अर्थ गळून पडतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे जोडाक्षर आहे, आणि त्यानं दोन अक्षरांबरोबर दोन शब्दही जोडलेत. पहिला शब्द लॅटिन ‘ॲनिमा’, म्हणजे श्वास, जीव, आत्मा. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी पुरुषाच्या अबोध मनातल्या स्त्रीरूपाला हेच नाव दिलं. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते या शब्दाचं मूळ. श्वास घेणे या अर्थाचा संस्कृत ‘अन्’ धातू आणि हा लॅटिन शब्द एकाच घराण्यातले. आपला ‘प्राण’ त्याच धातूपासून आला, ‘अनिल’ही. म्हणजे हे नाव वाटतं तितकं परकं नाही.

दुसरा शब्द एनिमा. त्याचा अर्थ मराठी घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ऑपरेशनआधी हॉस्पिटलात देतात तोच. आयुर्वेदातली बस्ती म्हणजे साधारण तेच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आत सोडणे’. एक शब्द ए नं सुरू होतो, दुसरा ई नं, आणि दोघांची पहिली अक्षरं एकाच चिन्हात सांधलेली. आत्मा आणि पोटशुद्धी शेजारी बसवणं काहींना किळसवाणं वाटेल, पण आत साचलेलं बाहेर पडल्याशिवाय मन हलकं होत नाही हीच तर या अल्बमची धारणा. त्यात जवळपास याच नावाचं एक गाणंही आहे, फक्त तिसरं अक्षर बदललेलं: अल्बमच्या नावात तिथे आय, गाण्याच्या नावात ई. त्या एका अक्षरानं अल्बम आत्म्याकडे झुकतो आणि गाणं एनिमाकडे. त्या गाण्यात अख्खं लॉस एंजेलिस समुद्रात वाहून जावं अशी इच्छा आहे. ही कल्पना विनोदवीर बिल हिक्स यांच्याकडून आलेली. ते १९९४ साली, अवघ्या ३२ व्या वर्षी गेले. अल्बमच्या आतल्या पानांत त्यांचं चित्र आहे. या गाण्याला १९९८ साली ग्रॅमी मिळालं.

गंमत म्हणजे मूळ दोन्ही शब्दांत हे अक्षर कधीच नव्हतं. त्याचा जन्म वेगळा. जुन्या लॅटिनमध्ये ‘आय’ असा जोडस्वर होता, पुढे तो ए-ई असा लिहू लागले. सीझर हे नाव त्यातलंच; त्यावरून आलेल्या जर्मन ‘कैसर’ (सम्राट) या शब्दात तो जुना उच्चार अजून ऐकू येतो. लेखनिकांनी ती दोन अक्षरं पुढे एकत्र सांधली. इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी लॅटिन लिपी घेतली तेव्हा आपल्या एका स्वरासाठी हेच चिन्ह उचललं आणि त्याला ‘ॲश’ म्हटलं. ॲश हे झाडाचं नाव, त्यांच्या जुन्या रून लिपीतून आलेलं. आल्फ्रेड राजाचं नाव तेव्हा याच अक्षरानं सुरू व्हायचं. १०६६ मध्ये फ्रान्समधून नॉर्मन लोक आले, लिहिण्याची रीत बदलली आणि तेराव्या शतकापर्यंत इंग्रजीतून ते मावळलं. नंतर लॅटिन-ग्रीक वळणाच्या शब्दांतून परतलं. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नावात ते आजही दिसतं.

उत्तरेकडच्या देशांतून मात्र ते कधी मावळलंच नाही. डॅनिश आणि नॉर्वेजियन मुळाक्षरांत ते २९ पैकी २७ वं अक्षर आहे, कीबोर्डवर त्याची वेगळी कळ असते. नॉर्वेच्या त्रोन्देलाग भागातल्या बोलीत तर हे एकटं अक्षर म्हणजे ‘मी’. आइसलँडमध्ये त्याचा उच्चार ‘आय’ होतो. फिरून पुन्हा जुन्या रोमनांच्या उच्चारापाशी.

जुन्या इंग्रजीत मात्र या अक्षराचा उच्चार ‘बॅट’, ‘कॅप’ यांतल्या स्वरासारखा होता, आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत आजही त्या स्वराचं चिन्ह हेच आहे. मराठीत त्यासाठी आपण अ वर चंद्र देतो. हिंदीत कधीकधी असाच चंद्र ए वर देतात. संगणकावर आपल्या या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, अल्बम येऊन बारा वर्षं झाल्यावर.