फ्लेमिश (व्लाम्स)

बेल्जियमच्या उत्तर भागात, म्हणजे फ्लँडर्समध्ये, जी डच बोलतात तिला रोजच्या बोलण्यात फ्लेमिश म्हणतात, तिथल्या लोकांच्या तोंडी 'व्लाम्स'. कायद्यात आणि शाळेच्या पुस्तकात मात्र भाषेचं नाव 'नेडरलांट्स' म्हणजे डचच आहे. फ्लँडर्सची लोकसंख्या ६५ लाखांच्या वर, शिवाय ब्रुसेल्समधले डच बोलणारे वेगळे. (आपल्या जुन्या कागदांत डचांना वलंदेज म्हटलंय, पण तो शब्द हॉलंडवरून आलाय, त्यात फ्लँडर्सवाले बसत नाहीत.)

ही वेगळी भाषा आहे का, या वादात सगळा घोळ नावापासून सुरू होतो. फ्लँडर्स हे नाव ८ व्या शतकाच्या आसपासच्या लॅटिन लिखाणात दिसतं असं धरतात. व्युत्पत्तीवर एकमत नाही, पण पूर किंवा भरतीचं पाणी या अर्थाच्या जर्मॅनिक शब्दाशी ते जोडणारं मत जास्त मान्य आहे आणि ब्रूजच्या बाजूची किनारपट्टी तेव्हा भरतीच्या पाण्याखाली जायची हे बघता तेच पटतं. महत्त्वाचं म्हणजे मध्ययुगातलं फ्लँडर्स हे ब्रूज, गेंट, ईपर या बाजूचं सरदारी राज्य होतं, अँटवर्प, ब्रुसेल्स, लूव्हन ही गावं शेजारच्या ब्राबांट या राज्यात होती, फ्लँडर्समध्ये नव्हतीच. १३ व्या शतकातला कवी याकोब व्हान मारलांट फ्लेमिश, ब्राबांटी, झीलंडी अशी वेगवेगळी नावं घेतो, आणि या सगळ्या बोलींना मिळून तेव्हा 'डीट्स' किंवा 'ड्यूट्स' म्हणायचे, इंग्रजांचा 'डच' हा शब्द याच घराण्यातला. पूर्ण उत्तर बेल्जियमला फ्लँडर्स म्हणायची सवय १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाल्यानंतर पक्की झाली. म्हणजे फ्लेमिशचे दोन अर्थ झाले, जुन्या राज्याची बोली हा एक आणि बेल्जियममधली सगळी डच हा दुसरा, आणि वाद घालणारे बहुतेक वेळा एका अर्थाचा पुरावा दुसऱ्याला लावतात.

जुनेपणाचा दाखला म्हणून एक वाक्य नेहमी पुढे येतं, 'हेब्बान ओल्ला व्होगाला...', म्हणजे सगळ्या पाखरांनी घरटी बांधायला घेतली, राहिलो फक्त मी आणि तू. हे १९३२ मध्ये ऑक्सफर्डच्या एका हस्तलिखितात सापडलं, ते हस्तलिखित मूळचं इंग्लंडमधल्या रोचेस्टरच्या मठातलं, लेखणी चालते का ते बघायला कुणीतरी लिहिलेली ही ओळ, काळ साधारण ११ व्या शतकाची अखेर. लिहिणारा पश्चिम फ्लँडर्सचा साधू असावा हे मत बरीच वर्षं चाललं, नंतर गेंटच्या लूक दे ग्रौवे यांनी ही जुनी डच नसून केंटकडची जुनी इंग्रजी असावी असं मांडलं. ते मत सर्वमान्य झालेलं नाही. पण समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या बोली त्या काळी किती जवळ होत्या हे त्यातून कळतं, आणि एवढ्या एका ओळीवर स्वतंत्र फ्लेमिशचा दावा उभा राहत नाही.

१५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश सैन्याकडे गेलं आणि व्यापारी, छापखानेवाले, शिकलेले लोक मोठ्या संख्येने उत्तरेत, म्हणजे आजच्या नेदरलँड्समध्ये गेले. प्रमाण डच पुढे हॉलंडच्या शहरांत घडली पण तिच्यात या दक्षिणेकडच्या लोकांचा वाटा होता, १६३७ च्या सरकारी बायबल भाषांतरातही तो आहे. दक्षिणेत, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये, कारभार आणि वरच्या वर्गाचं बोलणं फ्रेंचकडे गेलं. १९ व्या शतकात बेल्जियममधल्या डच भाषेच्या हक्कांसाठी झटणाऱ्या फ्लेमिश चळवळीपुढे प्रश्न आला की उत्तरेची प्रमाण भाषा घ्यायची की स्वतःची घडवायची. लेखक आणि भाषेचे अभ्यासक यान फ्रान्स विलेम्स एकत्र राहण्याच्या बाजूचे होते, १८४४ ची सरकारी स्पेलिंगही डचच्या जवळची ठरली. कवी गीडो गेझेला आणि पश्चिम फ्लेमिश शब्दांचा मोठा कोश १८७३ मध्ये काढणारे दे बो यांना मात्र प्रोटेस्टंट हॉलंडची भाषा परकी वाटायची. ते हरले, पण त्यांच्यामुळे जे शब्द कागदावर टिकले ते अमोल आहेत. पुढे कायद्यांच्या बाबतीत डचला फ्रेंचच्या बरोबरीने बसवणारा १८९८ चा समान भाषा कायदा, १९३० मध्ये गेंट विद्यापीठ पूर्ण डच, १९७३ च्या हुकुमाने भाषेचं अधिकृत नाव 'नेडरलांट्स' ठरलं, आणि १९८० मध्ये नेदरलँड्सबरोबर मिळून भाषासंघ.

बोलींचं बघितलं तर राजकीय सीमा आणि बोलींची सीमा जुळत नाहीत. अँटवर्पची बोली सीमेपलीकडच्या उत्तर ब्राबांटशी जवळ, लिंबुर्गी दोन्हीकडे आहे, तिच्यात सुरांवरून अर्थ बदलतो आणि १९९७ पासून नेदरलँड्समध्ये तिला प्रादेशिक भाषेचा दर्जा आहे. सगळ्यात वेगळी पश्चिम फ्लेमिश. तिथे प्रमाण डचच्या 'हाउस' (घर) मधला जोडस्वर न होता जुना लांब स्वर राहिलाय, ग चा ह होतो, आणि 'हो' हा शब्दसुद्धा कर्त्याप्रमाणे बदलतो, 'मी' साठी 'योआक', 'ती' साठी 'योआस', नपुंसकलिंगी एकवचनी 'ते' साठी 'योआत', नुसतं 'हो' म्हणून भागत नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या भाषांच्या एका यादीत तिला वेगळा कोड आहे, त्याच संस्थेच्या दुसऱ्या यादीत मात्र 'डच. फ्लेमिश' एकाच कोडखाली. आम्हाला वाटतं, वेगळ्या भाषेचा दावा कुणी केलाच तर तो पश्चिम फ्लेमिशसाठी करावा, पूर्ण बेल्जियमच्या डचला तो लागू होत नाही, ती एकाच भाषेच्या प्रमाण रूपांपैकी एक.

बेल्जियमच्या आणि नेदरलँड्सच्या डचमधला फरक बोलण्यात पटकन कळतो, बेल्जियममध्ये, मऊ ग, 'तू' साठी 'खे', जॅमला 'कॉन्फिट्यूर', मायक्रोवेव्हला नेदरलँड्समधल्या 'माग्नेट्रॉन' ऐवजी 'मिक्रोगोल्फ'. प्रमाण आणि बोली यांच्या मधल्या घरगुती भाषेला 'टुसेनटाल' म्हणतात.

फ्रान्समध्ये डंकर्कच्या आसपासचा भाग १७ व्या शतकात फ्रेंच राज्यात गेला, तिथे पश्चिम फ्लेमिश बोलणारे आता बहुतेक वयस्कर आहेत. २०२१ च्या अखेरीस फ्रान्सच्या शिक्षण खात्याने शाळेत शिकवता येणाऱ्या प्रादेशिक भाषांमध्ये तिचं नाव घातलं, 'पश्चिम फ्लेमिश' असंच.