पाठपुरावा वेगळा, ओळख विकणं वेगळं

मच्छीमार सोसायटीचे चार जण निवेदन घेऊन मंत्र्यांना भेटले की बाजारात लगेच बोललं जातं, "सेटिंग झालं." आणि बिनशेतीची फाईल हलवून देतो म्हणून एजंटाने पन्नास हजार घेतले, की तीच माणसं म्हणतात, "तो कुठे सरकारी नोकर आहे? त्याच्या धावपळीचे घेतले त्याने." दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पहिल्यामुळे सरळ माणसाची बदनामी होते, दुसऱ्यामुळे गुन्हेगार मोकळा फिरतो. मालवणपासून अलिबागपर्यंत हे इतक्यांदा ऐकलंय, की आता एकदा नीट लिहायलाच हवं.

पाठपुरावा म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या कोणालाही शिकवायला नको. पारंपरिक मच्छीमारांनी पर्ससीनविरुद्ध, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध, वर्षानुवर्षं मोर्चे काढले, निवेदनं दिली. 5 फेब्रुवारी 2016 ला राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. पर्ससीनधारकांनीही आपली बाजू मांडली. तुम्ही कोणाच्याही बाजूने असा, दोघांनी केलं ते लॉबिंगच, आणि तो नागरिकांचा हक्क आहे. अमेरिकेत हे काम पैसे घेऊन करणाऱ्यांना 1995 च्या कायद्याने नोंदणी करावी लागते आणि खर्च जाहीर करावा लागतो. आपल्याकडे असा कायदा नाही, तो हवा असं माझं ठाम मत आहे. वॉलमार्ट या अमेरिकी किरकोळ विक्री कंपनीने तिकडे जाहीर केलेल्या लॉबिंगच्या खर्चावरून 2012 मध्ये आपल्या संसदेत गदारोळ झाला, तेव्हा अनेकांनी तो आकडा सरळ लाच म्हणूनच वाचला. त्या आकड्याची चौकशी जरूर व्हावी, पण उघड जाहीर केलेला खर्च म्हणजे आपोआप लाच नव्हे.

आता खरी अडचण, ओळख विकण्याची. समजण्यासाठी बंगारू लक्ष्मण यांचा खटला पाहा. 2001 मध्ये 'तहलका' या वृत्तसंकेतस्थळाच्या पत्रकारांनी शस्त्रविक्रेते असल्याचं सोंग घेतलं. कंपनी खोटी, लष्कराला विकायची उपकरणं खोटी. लक्ष्मण तेव्हा भाजपचे अध्यक्ष होते. त्यांनी एक लाख रुपये घेतल्याचं छुप्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. एप्रिल 2012 मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून चार वर्षं सश्रम कारावास आणि एक लाख दंड सुनावला. अपील प्रलंबित असतानाच 2014 मध्ये त्यांचं निधन झालं.

या निकालावर दोन आक्षेप हमखास येतात. पैसे पक्षाध्यक्षाने घेतले, अधिकाऱ्याने नाहीत, मग लाचलुचपतीचा कायदा लागलाच कसा? आणि खरेदीच झाली नाही, तर गुन्हा कसला?

उत्तर कलमातच आहे. शिक्षा झाली ती 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या तेव्हाच्या कलम 9 खाली. अधिकाऱ्याने लाच घेतली तर कलम 7. कलम 9 मात्र कोणालाही लागत होतं: सरकारी नोकरावर आपलं व्यक्तिगत वजन वापरतो म्हणून जो पैसे घेईल, त्याला. तो स्वतः नोकर असण्याची गरज नाही. नोकराचं नाव घेतलेलं असण्याचीही गरज नाही. त्या नोकराला पत्ता लागला का, एक रुपया पोचला का, काम झालं का, यातलं काहीच सिद्ध करावं लागत नाही. वजन वापरण्यासाठी पैसे घेतले, तिथेच गुन्हा पुरा झाला. म्हणून "साहेबांपर्यंत पैसे गेलेच नाहीत" हा बचाव नाही. तो फार तर साहेबांचा बचाव आहे.

त्याच स्टिंगमधल्या दुसऱ्या खटल्यात जुलै 2020 मध्ये समता पक्षाच्या माजी अध्यक्ष जया जेटली आणि इतर दोघांनाही चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच दिवशी दिल्ली उच्च न्यायालयाने जेटलींच्या शिक्षेला स्थगिती दिली. स्थगिती म्हणजे निर्दोष सुटका नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग वकील, सर्व्हेअर, आर्किटेक्ट यांची फी? तेही आपल्यासाठी सरकारी कार्यालयात जातात, आणि पैसे घेऊनच जातात. इथेच लोक अडखळतात. याचं सर्वांत स्वच्छ उत्तर जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 163 मध्ये होतं. 1988 चा कायदा आला तेव्हा ते रद्द होऊन त्याचा गाभा नव्या कायद्यात आला. त्या कलमाखाली उदाहरणं दिली होती: न्यायाधीशापुढे युक्तिवाद करण्याची फी घेणारा वकील, कोणाचा तरी सरकारकडे जाणारा अर्ज नीट मांडून दुरुस्त करून देणारा पगारी माणूस, शिक्षा झालेल्याच्या बाजूने सरकारपुढे कैफियत ठेवणारा पगारी प्रतिनिधी. हे कोणीच गुन्हेगार नाहीत, कारण ते व्यक्तिगत वजन वापरत नाहीत आणि वापरतो असं सांगतही नाहीत. ही उदाहरणं नव्या कायद्यात ठेवायला हवी होती.

सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) परवानगीसाठी नकाशे काढणारा, कागद लावणारा, त्रुटी निघाल्या की उत्तर देणारा माणूस तुम्हाला त्याचं कौशल्य विकतो. त्याने लाख घेतले तरी ती फी. "माजी वरती वळख आसा, पन्नास हजार दी, काम झाला म्हणान समज" असं सांगणारा ओळख विकतो. रोख की चेक, पाच हजार की पाच लाख, हे फरक किरकोळ. पावतीचंही तेच. 'सल्ला शुल्क' अशी पावती फाडली की सगळं कायदेशीर झालं, ही समजूत मला सर्वांत जास्त खटकते. पावतीवर काय लिहिलंय यापेक्षा पैसे कशासाठी घेतले हे न्यायालय बघतं.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर जुनी कलमं 8 आणि 9 एकत्र होऊन 7अ आलं. शिक्षा तीन ते सात वर्षं. मात्र नोकराकडून काम 'अयोग्यपणे किंवा अप्रामाणिकपणे' करवून घेण्यासाठी, अशी अट त्यात आली. पूर्वी कोणतंही सरकारी काम पुरत होतं. मला हा बदल पटलेला नाही. "मी फक्त त्यांचं हक्काचं काम लवकर करून घेणार होतो" असं म्हणायला दलालाला त्यामुळे वाव मिळतो. अधिकाऱ्याला तो वाव नाही. कलम 7 च्या स्पष्टीकरणात रेशन कार्डाचा नेहमीचा अर्ज वेळेत करण्यासाठी पाच हजार मागणाऱ्या नोकराचं उदाहरण आहे, आणि तो दोषीच आहे. दलालालाही हेच स्पष्टीकरण लावायला हवं होतं.

देणाऱ्यांनीही सावध राहावं. नोकराकडून गैर काम करवून घेण्याच्या हेतूने पैसे दिले, तर आता नव्या कलम 8 खाली देणाराही सात वर्षांपर्यंत आत जाऊ शकतो, मग पैसे थेट नोकराला न देता मध्यस्थाला दिले तरी. जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवावं लागतं. मागणी झाल्यावर पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर कळवलंत आणि त्यांच्या सापळ्यात मदत म्हणून पैसे दिलेत, तर ते कलम तुम्हाला लागत नाही.