पहिला आयरिश अल्बम: स्टुडिओची तारीख घेण्याआधी

आमचा स्टुडिओ आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात, एनिसजवळ. एक मोठी खोली, एक लहान खोली आणि आम्ही दोघं. येणारे बहुतेक वादक याच भागातले, पण हल्ली डब्लिन, गॉलवे, कॉर्कमधल्या मराठी घरांतूनही फोन येतात. मुलगी शाळेत टिन व्हिसल (धातूची छोटी बासरी) शिकली, मग फिडलकडे, म्हणजे व्हायोलिनकडे वळली, आता तिच्या स्वतःच्या दहा-बारा धुना झाल्यात. अल्बम करायचाय, किती दिवस लागतील? दिवसांचं पुढे सांगतोच. त्याआधी दोन गोष्टी बघा.

धून खरंच तुमची आहे ना?

आयरिश नृत्यधून आटोपशीर असते. आठ-आठ बारचे (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, झाले ३२ बार. एवढ्याशा अंगणात पिढ्यान्‌पिढ्या लोक रचत आलेत, त्यामुळे तुम्हाला सुचलेली ओळ आधी कुणाला तरी सुचलेली असू शकते. यात चोरी नसते. पबमधल्या सेशनला (वादक गोलात बसून मिळून वाजवतात त्या बैठकीला) कानावरून गेलेलं सहा महिन्यांनी आपलंच म्हणून वर येतं, आमच्याही बाबतीत झालंय. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ साली छापलेल्या एकाच संग्रहात १,८५० धुना आहेत. सगळ्या कोण पाठ करणार! ट्यूनपाल नावाच्या ॲपला धून वाजवून दाखवा, ते मिळतीजुळती शोधून देतं. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे एखादे जुने वादक. पहिल्या चार बारांत त्यांची भुवई वर गेली की समजा.

दुसरा घोळ ‘पारंपरिक’ या शब्दाचा. अल्बममध्ये स्वतःच्या रीलला (रील म्हणजे जलद नृत्यधून) जोडून एखादी जुनी रील वाजवायची पद्धत आहे आणि छानच आहे. पण जुनी म्हणजे किती जुनी? अंध हार्पवादक टर्लो ओकॅरोलन १७३८ साली गेले, त्यांच्या रचना खुशाल वाजवा. एड रीव्ही मात्र कॅव्हन परगण्यात जन्मलेले, फिलाडेल्फियात प्लंबिंगचं काम करणारे. त्यांच्या रील लोक पारंपरिक समजून सर्रास वाजवतात, पण ते वारले १९८८ साली. इथल्या कायद्यात रचनेवरचा हक्क (कॉपीराइट) रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो, म्हणजे २०५८ संपेपर्यंत. अशी धून घेतलीत तर रचनाकाराचं नाव आणि परवाना दोन्ही हवं.

मुरू द्या

नवीन धून लगेच रेकॉर्ड करू नका. लोणच्यासारखं आहे हे. दोन-तीन महिने इतरांबरोबर वाजवली की अवघड वळणं आपोआप घासली जातात, आणि जी घासली जात नाहीत ती बहुधा चुकलेलीच असतात. सेशनमध्ये मात्र जपून. तिथे कुणालाच न येणारी धून आपणहून सुरू केली तर सगळा गोल गप्प बसून राहतो. कुणी आग्रह केला तरच वाजवा, नाहीतर दोघा-तिघांना घरी चहाला बोलवा.

तबल्याच्या घरातून आलेल्यांसाठी जाता जाता: जिग नावाच्या नृत्यधुनेचे सहा ठोके दादऱ्यासारखे मोजता येतात आणि त्यामुळे जिग लवकर हाती येते. पण नाचणाऱ्याचा पाय उचलला जाईल असा उठाव मोजून येत नाही, ऐकूनच येतो. नऊ ठोक्यांच्या स्लिप जिगमध्ये तर मोजणारे हमखास सांडतात.

किती दिवस?

नाचाच्या वेगात एक रील एकदा वाजवायला साधारण ३५ सेकंद लागतात. तीनदा वाजवून पुढच्या धुनेत शिरायचं, अशा दोन-तीन धुनांचा एक सेट साडेतीन ते पाच मिनिटांचा होतो. दहा ट्रॅक म्हणजे चाळीसेक मिनिटं, आणि त्यासाठी वीस-पंचवीस धुना लागतात. तुमच्याकडे बारा असतील तर जोडीला जुन्या धुना घ्या आणि मधे दोन गाणी किंवा एक संथ धून घाला. नुसत्या रीलवर रील ऐकून आम्हीसुद्धा दमतो.

तयारी असेल तर रेकॉर्डिंगला चार दिवस, मिक्सिंगला तितकेच. आम्ही सगळ्यांना एकाच खोलीत बसवून एकत्र वाजवायला लावतो, कानात क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) देत नाही. क्लिक दिली की लय सरळ होते आणि उठाव जातो. याची किंमत अशी की फिडलच्या माइकमध्ये ॲकॉर्डियन उतरतं, मग एकट्या फिडलची चूक नंतर पुसता येत नाही, अख्खा टेक पुन्हा घ्यावा लागतो. चालेल ना, ते आधीच ठरवा.

सूर लावताना ॲकॉर्डियन किंवा कॉन्सर्टिना (हातात धरायची भात्याची छोटी पेटी) असेल तर बाकीच्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं, तिचे सूर जागेवर बदलत नाहीत. इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. त्यांच्या रीड (आवाज काढणाऱ्या बारीक पट्ट्या) हवेतल्या ओलाव्याने रुसतात आणि आमच्याकडे ओलाव्याला तोटा नाही.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण रेकॉर्डिंगच्या आधी करा. कोणत्या धुनेत कुणाचा किती वाटा, ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्री असेल तर जास्तच आवर्जून घ्या. रचना जाहीर वाजण्याचे पैसे इम्रो ही रचनाकारांची संस्था गोळा करते, त्यासाठी सभासद होऊन प्रत्येक धून नोंदवावी लागते. रेकॉर्डिंग वाजण्याचं वेगळं, ते पीपीआय या दुसऱ्या संस्थेकडे. प्रत्येक ट्रॅकला लागणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोडही (रेकॉर्डिंगची ओळखखूण) आयर्लंडमध्ये तीच संस्था देते. दुसऱ्याची रचना सीडीवर घेण्याचा परवाना एमसीपीएस या तिसऱ्या संस्थेचा.

सीडी छापलीत तर एक प्रत डब्लिनच्या मेरियन चौकातल्या आयरिश पारंपरिक संगीत अभिलेखागाराला जरूर द्या. पाकिटावर धुनेचं नाव, प्रकार आणि रचनाकार नीट छापा. उद्या कुणी तुमची रील ‘पारंपरिक’ म्हणून वाजवायला लागलं, तर दाखवायला तेवढंच हाताशी असेल.

तारीख ठरवताना फोनवर रेकॉर्ड केलेल्या तीन धुना पाठवा, कच्च्या असल्या तरी चालतील. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात स्टुडिओ बंद असतो. विली क्लॅन्सी आठवडा या पारंपरिक संगीताच्या मेळाव्यासाठी आम्ही दोघंही मिलटाउन मॅलबेला असतो.