होडीच्या पोटातलं पाणी: लाइव्हवेलची पार्श्वभूमी

रोमजवळ फ्युमिचिनो विमानतळाचं बांधकाम चालू असताना जुन्या बंदराच्या गाळातून काही होड्या निघाल्या. त्यातली एक इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली, मासेमारीची. तिच्या मधोमध लाकडी खण आहे आणि खणाखालच्या फळ्यांना भोकं आहेत. भोकांतून पाणी आत खेळतं, मासा बाहेर जात नाही. नको असेल तेव्हा बुचं ठोकायची. आजच्या फायबरच्या बोटीतला लाइव्हवेल, म्हणजे धरलेला मासा जिवंत ठेवायची पाण्याची टाकी, याच घराण्यातला. भोकं असूनही होडी बुडत नाही, कारण खण बाकी होडीपासून पक्का बंद केलेला असतो. पाणी बाहेरच्या पातळीइतकं चढतं आणि तिथेच थांबतं.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हार्विच बंदरात असा खण असलेली शिडाची गलबतं आली. उत्तर समुद्रातला कॉड जिवंत लंडनच्या बाजारापर्यंत न्यायचा, हा त्यांचा धंदा. पण थेम्समध्ये वर जावं तसं पाणी गोडं होत जातं आणि कॉड मरतो, म्हणून गलबतं खाली ग्रेव्हझेंडलाच थांबत. दुसरी अडचण खोलीची. तळातून झटकन वर ओढलेल्या कॉडच्या पोटातली हवेची पिशवी फुगायची आणि मासा खणात उताणा तरंगायचा. मग खलाशी बारीक सुई टोचून ती हवा काढत. खोल पाण्यातला बास नावाचा मासा धरणारे काही गळवाले आजही असंच करतात. मात्र सुई चुकली तर मासा हातचा गेलाच.

पुढे बर्फ मिळू लागला आणि खण मागे पडला. मेलेला मासा टिकतोय म्हटल्यावर पाण्याचं ओझं कोण वाहणार?

आमिषासाठी मात्र खण हवाच होता. मालदीवच्या धोणी नावाच्या होड्यांवर ट्यूना मासा गळाने एकेक करून धरतात. आधी प्रवाळाजवळची बारीक मासळी जाळ्यात धरून खणात सोडायची, तळाची बुचं काढायची आणि आत येणारं पाणी माणसांनी सतत उपसत राहायचं. पंपाचं काम माणसाचे हात करत. ट्यूनाचा थवा दिसला की ही जिवंत मासळी त्याच्यापुढे भिरकावायची. थवा होडीपाशी रेंगाळतो तो तिच्यासाठी.

खरी कलाटणी, माझ्या मते, अमेरिकेत मिळाली. रे स्कॉट यांनी 1968 मध्ये बास धरणाऱ्यांची ‘बास’ ही संघटना काढली आणि 1972 मध्ये स्पर्धांतून ‘धरलेला मासा मारू नका’ ही मोहीम सुरू केली. वजन झालं की मासा परत पाण्यात. त्यासाठी हवा खेळती असलेली टाकी बोटीत लागणारच. आतापर्यंत मासा जिवंत ठेवायचा तो विकायला नाहीतर गळाला लावायला. आता तो सोडून द्यायला.

आणि इथे उन्हाळा आडवा येतो. 10 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्यात गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्तच लागतो. म्हणून पंप आले, हवेचे बुडबुडे आले, गरम तळ्याचं पाणी आत न घेता टाकीतलंच फिरवायची सोय आली. आमिषाच्या टाक्या गोल झाल्या, कारण चौकोनी टाकीत बारीक मासळी कोपऱ्यात दाटते आणि नाकं घासून घेते.

1988 मध्ये अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपला हा बाहेरून आलेला, झपाट्याने पसरणारा जीव सापडला, तेव्हा टाकीतल्या पाण्याकडे लोक संशयाने बघू लागले. या शिंपल्याची पिल्लं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि टाकीतल्या पाण्याबरोबर एका तळ्यातून दुसऱ्यात पोचतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आता बोट रस्त्याने न्यायची तर टाकी रिकामी हवी, आणि बूच काढलेलं.