आधी चाचणी, मग पान्हा

चावी फिरवली, आतून नुसता 'टक' असा आवाज आला आणि इंजिन ढिम्म. अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, बॅटरी गेली. पण हॉर्न तर खणखणीत वाजतोय, आतला दिवाही लागतोय. मग बॅटरी संपली कशी? या प्रश्नाचं उत्तर शोधताना इंजिनाचे दोष घरी कसे हुडकायचे, हेही कळायला लागतं.

हॉर्न साधारण पाच अँपिअर प्रवाह घेतो. सेल्फ मात्र इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर खेचतो. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार साठलाय आणि त्या सांध्याचा विद्युत रोध ०.०२ ओहम झालाय. ओहमच्या नियमाप्रमाणे हॉर्न वाजताना त्या सांध्यावर फक्त ०.१ व्होल्ट वाया जातो, त्याचा हॉर्नवर काहीच परिणाम होत नाही. सेल्फनं दीडशे अँपिअर मागितले की तिथेच ३ व्होल्ट पडतात आणि सेल्फला फिरायला पुरेसा विद्युत दाब उरत नाही. बॅटरी धडधाकट असूनही गाडी सुरू होत नाही, ती अशी.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करायला हवी. आकडा चांगला असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरं त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला ठेवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. आकडा शून्याच्या जवळ राहिला तर सांधा ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष तिथेच आहे. हीच तपासणी दुसऱ्या खांबावरही करा. साफ करताना ऋण टोकाची वायर आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. खार खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं निघतो.

इंजिन सुरू होतं पण मिस होतं, झटके खातं, ही दुसरी नेहमीची तक्रार. इथे गाडीचा संगणक आपल्याला मोठी मदत करतो. क्रँकशाफ्टसोबत, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यासोबत, फिरणाऱ्या चाकाचे दाते एक सेन्सर मोजत असतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन जळलं की शाफ्टला धक्का मिळतो. एखादा धक्का चुकला की शाफ्ट क्षणभर मंदावतो आणि तो कुणाच्या पाळीला मंदावला, हे संगणक टिपून ठेवतो. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की पी०३०१ असा कोड दिसतो. याचा अर्थ एवढाच, की पहिला सिलिंडर मिस होतोय. का होतोय, ते त्यात नाही.

ते शोधायची पद्धत मला फार आवडते, कारण तो अस्सल प्रयोग आहे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) असेल, तर इंजिन बंद आणि थंड असताना पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर लावा. बाकी कशालाही हात लावू नका. कोड टिपून घ्या, पुसा आणि गाडी चालवून बघा. आता पी०३०३ आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. कॉइलच खराब आहे. पी०३०१ कायम राहिला तर कॉइल निर्दोष. मग स्पार्क प्लगची अशीच अदलाबदल करा. तरीही दोष जागचा हलला नाही, तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) किंवा सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतल्या हवेवर पडणारा दाब) उरतं, आणि ते काम गॅरेजचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे पथ्य मोडलं, की गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही.

चेक इंजिनचा दिवा नुसता न लागता लुकलुकत असेल, तर मात्र प्रयोग बाजूला ठेवून गाडी थांबवा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन जळतं आणि तिथली जाळी वितळू शकते.

सर्वांत जास्त फसवणारा कोड म्हणजे पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानानं पेट्रोल कमी. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण बिघडलं की ऑक्सिजन सेन्सर कळवतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. कोड दिसला की पुष्कळ लोक तो सेन्सरच बदलतात. सेन्सर बहुधा खरंच सांगत असतो. त्यापेक्षा स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय त्याचा, आकडा बघा, आधी आयडलिंगला आणि मग मिनिटाला २५०० फेऱ्यांवर. आयडलिंगला वाढीव पेट्रोलचा आकडा मोठा आणि रेस केल्यावर तो कमी होत असेल, तर कुठल्या तरी फुटक्या नळीतून चोरटी हवा आत येतेय. आयडलिंगला इंजिन हवा थोडीच घेतं, म्हणून गळतीचा वाटा मोठा ठरतो. फेरे वाढले की तो नगण्य होतो. उलट, फेरे आणि भार वाढताना आकडाही चढत गेला तर पंप, तुंबलेला इंधन फिल्टर किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवरची धूळ यांच्याकडे वळायचं.

धुराचा रंगही बोलका असतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जादा. थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ साधी असते. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट घटत गेलं, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचे वरचे-खालचे भाग जोडणाऱ्या सीलचा) संशय घ्यावा. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका, फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती दमटपणानंही येते. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ असेल तर मात्र कूलंट त्यात मिसळलंय, इंजिन सुरू करू नका. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण सैल होताच दाब उतरतो, ते एकदम उकळतं आणि अंगावर उडतं.

कोड पुसण्याआधी स्कॅनरवर 'फ्रीझ फ्रेम' उघडून त्या पानाचा फोटो काढून ठेवा. दोष नोंदला गेला त्या क्षणाचे इंजिनाचे फेरे, कूलंटचं तापमान, भार आणि वेग तिथे लिहिलेला असतो, आणि कोडबरोबर तोही पुसला जातो. पी०१७१च्या वेळी ८०० फेरे होते असं दिसलं तर आधी नळ्या चाचपा. फेरे ३००० आणि गाडी चढावर जोर लावत असल्यासारखा भार दिसला तर शोध इंधनाच्या बाजूनं सुरू करा.